विमान घ्यावे, पण कोणते?



राजूरला माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली, मैदान चिखलाने भरले, तेव्हा त्यांनी वर्गातच एक खेळ मांडला. विमान कंपनी चालवण्याचा. संगणकावर असे खेळ मिळतात. गुरुजींनी तो फळ्यावर आणला. प्रत्येक गटाला सारखे भांडवल. कोणत्याही दशकातले विमान घ्या, मार्ग ठरवा, आणि दर डावाला इंधनाचा जो भाव गुरुजी सांगतील तो मोजा.

एका गटाने काँकॉर्ड घेतले. आवाजापेक्षा वेगवान! दुसऱ्याच डावात त्या गटाचे दिवाळे निघाले. काँकॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी घेऊन उडाले. त्यात माणसे बसत शंभराच्या आसपास, आणि अटलांटिक ओलांडायला एका माणसामागे जवळजवळ एक टन इंधन लागे. मुलांनी वेग पाहिला, पण इंधनाला माणशी भागले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग नवे ते काटकसरीचे आणि जुने ते खर्चिक, एवढे साधे आहे ना? नाही. इथेच गंमत आहे. एअर इंडियाकडे १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन विमाने होती, पंख्यांची, पिस्टन इंजिनांची. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट आले. वेग जवळपास दुप्पट झाला, पण माणशी इंधनही पुष्कळ वाढले. त्या शेवटच्या पिस्टन विमानांची काटकसर गाठायला जेटना पुढे कित्येक दशके लागली. तरीही कंपन्यांनी जेटच घेतले, आणि ते वेडेपणाने नव्हे. वेगवान विमान तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या करते, जेट इंजिनाची देखभाल कमी, आणि त्याला लागणारे रॉकेलासारखे इंधन तेव्हा स्वस्त होते. पुढे १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि सगळा हिशेबच फिरला. गुरुजींनीही तिसऱ्या डावाला भाव एकदम चौपट केला. मुले ओरडली, "गुरुजी, हे काही बरोबर नाही!" पण त्या वेळी खऱ्या कंपन्यांवरही हेच गुदरले होते.

काटकसर वाढली कशी, हे भंडारदऱ्याच्या पाण्यात होडी चालवणाऱ्याला चटकन कळेल. बारीक काठीने जोरजोरात पाणी मारले तर दमायला होते, होडी फारशी सरकत नाही. रुंद वल्ह्याने पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकलले की तीच ताकद कामी येते. हवेचेही तसेच. एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ च्या इंजिनात, गाभ्यातून जळत जाणाऱ्या एक भाग हवेमागे जेमतेम पाव ते तृतीयांश भाग हवा बाहेरून नुसती ढकलली जाई. इंडियन एअरलाइन्सने १९८९ साली एअरबस ए-३२० आणले, त्यात पाच भागांहून थोडी जास्त. २०१२ साली एअर इंडियाकडे आलेल्या बोइंग ७८७ मध्ये सुमारे नऊ भाग. म्हणून नव्या इंजिनांची तोंडे एवढी रुंद दिसतात. शिवाय ७८७ चे निम्मे वजन धातूचे नसून कर्बतंतूंसारख्या हलक्या मिश्र साहित्याचे आहे.

मात्र असे विमान महाग. जुने स्वस्तात मिळत असेल तर? हा मोह आपल्या देशाने एकदा पुरता अनुभवला आहे. महायुद्ध संपल्यावर लष्कराची जादा झालेली डकोटा विमाने कवडीमोलाने निघाली. ज्याला त्याला विमान कंपनी काढावीशी वाटली. विमाने झाली उदंड, प्रवासी थोडे. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने चौकशी केली. वाहतूक पेलेल त्यापेक्षा कंपन्या जास्त झाल्या होत्या. १९५३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. स्वस्त विमानालाही रोज खायला घालावे लागते, बैलासारखे. फरक इतकाच की बैल बसून असला तर कमी खातो, आणि विमान उडाले की रिकामे असले तरी बहुतेक तेवढेच खाते.

हा मुद्दा वर्गात एका मुलीने काढला. राजूरहून अकोल्याला जाणारी एसटी तिने पाहिलेली: बाजाराच्या दिवशी उभे राहायला जागा नाही, आणि एरवी दहा माणसे. तिने विचारले, "गुरुजी, विमान अर्धे रिकामे गेले तर?"

गुरुजींनी फळ्यावर आकडे मांडले. आकडे मानीव आहेत, शिक्षकांनी हवे ते घ्यावेत. मोठे विमान, १८० जागा, एका फेरीला १,८०० माप इंधन. भरले तर माणशी दहा. लहान विमान, ७० जागा, ९०० माप. भरले तर माणशी तेराच्या आसपास. मोठे जिंकले. आता प्रवासी साठच आले असे धरा. मोठ्यात माणशी तीस, लहानात पंधरा.

मग त्या मुलीच्या गटाने मार्ग निवडला तो आपल्याच जिल्ह्यातला. शिर्डीचा विमानतळ काकडी गावाजवळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि पहिले विमान मुंबईला गेले ते एटीआर-७२, सत्तरएक जागांचे, पंख्यांचे. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. एवढ्याशा पल्ल्यात जेटला उंच चढून आपला वेग दाखवायला सवडच मिळत नाही. पंख्यांचे विमान तिथे पुष्कळ कमी इंधनात भागवते. मुलांनी तेच घेतले.

पाचव्या डावाअखेर त्यांची कंपनी तरली होती. लंडनला त्या विमानाने जाता येत नाही, आणि त्या गटाने लंडनचे नावही काढले नाही.