लग्नघरांतील उजेड

मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली. साधनें पालटलीं, पण छायाचित्रकाराचा खरा सोबती आजही उजेडच आहे. भिवंडींत मे महिन्याच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. त्या वेळीं वधूवरांस अंगणांत उभें केलें, तर भुवयांच्या सावलींत डोळेच हरवतात. रंगीत छताखालीं कापडाचा रंग चेहऱ्यांवर उतरतो. त्यापेक्षां ओसरीच्या कडेशीं, सावलींत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून त्यांस बसवावें. समोर पांढरें धोतर धरल्यास हनुवटीखालची सावली निवळते. मुलगी सासरीं गेल्यावर आईजवळ उरते ती तसबीरच. तेव्हां मुहूर्तापूर्वीं दहा मिनिटें काढून, मुहूर्ताच्याच प्रहरीं ऊन कोठें पडेल हें पाहून जागा हेरून ठेवावी.