परत आलेला दावा
(मंडळाच्या पहाडगंज येथील सभेत दिलेले व्याख्यान)



‘रिमांड’ म्हटले की आपल्याला पोलीस कोठडी आठवते. त्यामुळे माजी सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या निकालात हा शब्द दिसताच घरातील मंडळी धास्तावतात, किंवा दावा बुडाला असे समजून कागद पेटीत ठेवून देतात. येथे त्याचा अर्थ एवढाच की, वरच्या न्यायपीठाने खालचा निर्णय सदोष ठरवून प्रकरण फेरनिर्णयासाठी परत धाडले आहे. तो विजय नव्हे, तसाच पराभवही नव्हे.

अपंगत्व सेवेमुळे आले वा सेवेत बळावले काय, आणि ते किमान २० टक्के आहे काय, यांवर सामान्यतः दावा ठरतो. नकार मिळाल्यास सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे. आणि त्यानंतर २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. तेथील अर्जाचीही मुदत अंतिम नकारापासून सहा महिन्यांची आहे. निवृत्त सैनिकाला आपल्या वास्तव्याच्या ठिकाणच्या पीठाकडे जाता येते. न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ दिल्लीतच असल्याने, पहाडगंजात स्थायिक झालेल्या सातारकराला मुंबई गाठण्याचे कारण नाही.

प्रकरणे परत का जातात? वैद्यकीय मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ एवढेच लिहावे आणि कारण देऊ नये, हे त्याचे एक नेहमीचे कारण. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला : भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर सैनिक निरोगी होता असे धरावे, सिद्धतेचा भार त्याच्यावर नाही आणि संशयाचा फायदा त्याला मिळावा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. म्हणून आपल्याला कोणते नियम लागू होतात, हे निवृत्तीच्या तारखेवरून प्रथम पाहावे.

प्रकरण परत आले की निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी. ते कोणाकडे धाडले, कोणता मुद्दा खुला ठेवला आणि किती मुदत दिली, हे त्यात वाचावे. फेरतपासणीचे बोलावणे आल्यास ती चुकवू नये. भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, रुग्णालयाचे कागद, कोणत्या ठाण्यावर किती काळ नेमणूक होती याचा तपशील, हे सारे सोबत न्यावे. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. मुदत टळली तर लेखी स्मरण द्यावे. पुन्हा नकार आला, तर तो नवा निर्णय असतो आणि त्यालाही आव्हान देता येते.

सैनिकाने हक्क मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. गावापासून दूर राहणाऱ्या वृद्ध जवानाला, किंवा त्याच्या पत्नीला, इंग्रजीतील निकाल वाचून दाखविणारा एक शेजारी मिळाला, तरी पेटीतला तो कागद वेळेत बाहेर येईल. ते काम मंडळाने अंगावर घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.