उपचार किती, याचेही शास्त्र असते

(केशोरी, जि. गोंदिया येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



साठी ओलांडलेला पुरुष रात्री चार वेळा उठतो, लघवीला वेळ लागतो, धार बारीक होते. पण घरात त्याविषयी अवाक्षर निघत नाही. ‘वय झाले’ म्हणून तो गप्प बसतो. पुष्कळदा त्याचा तर्क खराही असतो. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वयपरत्वे वाढते आणि ती वाढ बहुधा साधी असते. परंतु त्याच ग्रंथीत कर्करोगही उद्भवतो आणि आरंभी तो सहसा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. अनेकांच्या बाबतीत तो हाडांपर्यंत पोहोचल्यावरच त्याचा पत्ता लागतो. धान आणि मिरचीच्या शेतीवर जगणाऱ्या केशोरीसारख्या गावात कंबर दुखली, तर दोष चिखलणीला आणि रोवणीला दिला जातो. तेवढ्यात आणखी काही महिने निघून जातात.

निदान झाल्यावर घरात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘कर्करोग आहे, आता काय उरले?’ दुसरे म्हणते, ‘जमीन विका, पण जे जे आहे ते सगळे करून टाका.’ अलीकडच्या संशोधनाने ही दोन्ही टोके चुकीची ठरविली आहेत. कोणाला किती उपचार पुरेसा, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट पाडण्यात आले. एकावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर किरणोपचार आणि तिसऱ्यावर नियमित तपासणीद्वारे केवळ लक्ष ठेवण्यात आले. सुमारे 15 वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावलेले रुग्ण होते अवघे 45, म्हणजे 2.7 टक्के, आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

अर्थात या नाण्याला दुसरी बाजू आहे. केवळ लक्ष ठेवलेल्या गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण 9.4 टक्के होते, तर उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत ते सुमारे 5 टक्के. या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घ्यावाच लागला. उलटपक्षी, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 24 टक्के पुरुषांना बाराव्या वर्षीही लघवी गळत असल्याने पॅड वापरावे लागत होते. म्हणून सौम्य रोगात घाई नको; मात्र ठरलेली तपासणी चुकविणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

मुंबईचे उत्तर

रोग उग्र असेल, तर माप बदलते. येथे दाखला आपल्याच महाराष्ट्राचा आहे. लसिकाग्रंथींत रोग शिरण्याचा धोका मोठा असलेल्या 224 रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अभ्यास झाला. निम्म्यांना केवळ प्रोस्टेटवर किरणे देण्यात आली, निम्म्यांना ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही. दोन्ही गटांना संप्रेरक रोखणारा उपचार समान होता. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 81.2 टक्के, तर दुसऱ्यात 95 टक्के होते. रोग दूरवर पसरण्याचे प्रमाणही दुसऱ्या गटात कमी आढळले. तोवरच्या एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही आणि लघवीचे त्रास दुसऱ्या गटात अधिक झाले, हेही संशोधकांनी मोकळेपणाने नोंदविले. जगभर रेंगाळलेल्या वादाला भारतीय रुग्णांच्या सहभागाने असे ठोस उत्तर मिळाले.

मुक्कामाचे दिवस

केशोरीच्या रुग्णाला किरणोपचारासाठी नागपूर गाठायचे, तर प्रत्येक दिवस मुक्कामाचा, सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीचा असतो. त्या दृष्टीने 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मोलाचा आहे. ब्रिटन, आयर्लंड व कॅनडातील 874 रुग्णांत किरणोपचाराच्या 20 किंवा 39 फेऱ्यांऐवजी अचूक नेमाच्या केवळ 5 फेऱ्या देऊन पाहण्यात आल्या. पाच वर्षांनी रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण 5 फेऱ्यांत 95.8 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत 94.6 टक्के होते. हे सौम्य व मध्यम धोक्याच्या रोगासाठी आहे, सरसकट नाही. तरी ‘माझ्या बाबतीत कमी फेऱ्या चालतील का?’ हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा.

पसरला म्हणजे संपले नाही

पुरुषी संप्रेरक रोखले की हा रोग माघार घेतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखविले. त्यासाठी 1966 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढण्याची साधी शस्त्रक्रिया आजही परिणामकारक आणि स्वस्त आहे. त्या जोडीला सुरुवातीपासूनच अबिराटेरॉन दिल्यास आयुष्य वाढते, हे 2017 मधील दोन मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले. पसरलेला रोग अल्प असेल, तर ग्रंथीवर किरणे दिल्यानेही लाभ होतो: 2018 च्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी तीन वर्षांनी 81 टक्के हयात होते, किरणांशिवाय 73 टक्के.

हे सारे ज्ञान घराच्या उंबरठ्यापर्यंत यायचे, तर पहिले पाऊल कुटुंबानेच उचलावे लागेल. वडिलांना, काकांना, आजोबांना लघवीच्या त्रासाविषयी विचारण्यात कसला आला संकोच? पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही. जंतुसंसर्गानेही ते वाढते. निदान बायोप्सीनेच पक्के होते. त्यानंतर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: रोग किती उग्र आहे, तो कोठवर पोहोचला आहे आणि उपचाराने पुढील जगण्यात काय बदल होईल? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट नाही. शेत विकण्याचा विचार त्यानंतर करावा.

संशोधकांनी आपले काम चोख केले आहे. गावोगावचे मौन मोडण्याचे काम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही. ते आपल्या घरातच व्हायला हवे.