कावळा, खेकडा आणि गांडूळ

मी सिरुसेरीहून बोलतोय. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर, ज्याला इथे सगळे ओएमआर म्हणतात, हे गाव आहे. आता ते सिपकॉटच्या आयटी पार्कमुळे ओळखलं जातं. मुलगा आणि सून इथे नोकरीला, म्हणून लष्करातून निवृत्त झाल्यावर आम्ही नवराबायकोही इथेच आलो. मूळचे आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले. कचारगडची गुहा आमच्याच तालुक्यात. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजची गोष्ट गोंडांची आहे, आणि ती पुस्तकात मला सापडली ती थेट चेन्नईत.

इथून उत्तरेला थिरुवान्मियूर लागतं. तिथे तारा बुक्स नावाची प्रकाशन संस्था आहे, गीता वुल्फ यांनी 1994 साली सुरू केलेली. त्यांची काही पुस्तकं हातानं छापतात. हातकागदावर, एकेक रंग वेगळ्या जाळीतून दाबून. एक रंग वाळला की दुसरा. पानं हातानंच शिवायची आणि प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक घालायचा. पुस्तक उघडलं की आधी शाईचा वास येतो. मी दारूगोळ्याच्या पेट्यांवर क्रमांक बघत नोकरी केली. पुस्तकावर क्रमांक बघून मला उगाच बरं वाटलं.

तिथे भज्जू श्याम यांची पुस्तकं मिळाली. भज्जू हे परधान गोंड, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढचे. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाणा नावाचं तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या घराण्याची आणि देवांची गाणी म्हणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. यजमान गरीब झाले, गाणी थांबली. मग भज्जूंचे काका जनगढसिंह श्याम यांनी तीच गाणी भोपाळमध्ये कागदावर चितारायला सुरुवात केली. भज्जूंनी भोपाळात आधी रात्रीची राखण केली, वायरमनचं काम केलं, आणि मग काकांच्या हाताखाली चित्रं शिकले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सृष्टीच्या उत्पत्तीवर त्यांचं एक अख्खं चित्रपुस्तक आहे.

ती उत्पत्तीची गोष्ट मी माझ्या सात वर्षांच्या नातीला सांगतो तशी तुम्हाला सांगतो. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो, ते चालायचंच.

सगळीकडे पाणीच पाणी. बडा देव कमळाच्या पानावर बसलेला. पृथ्वी घडवायची तर माती हवी, आणि माती नाही. मग देवानं छातीवरचा मळ चोळून काढला, त्याचा कावळा केला आणि त्याला म्हणाला, जा, माती शोधून आण. कावळा उडाला. दिवसचे दिवस उडाला. टेकायला फांदी नाही. अगदी पडायच्या बेताला आला तेव्हा पाण्यातून वर आलेलं लाकडासारखं काहीतरी दिसलं, त्यावर बसला. ती खेकड्याची नांगी निघाली. कावळ्याचं काम ऐकून खेकडा त्याला घेऊन पाताळात उतरला. तिथे गांडूळ माती गिळून बसलेलं. मागितली तर देईना. खेकड्यानं त्याची मान आवळली, तेव्हा त्यानं माती ओकली. कावळ्यानं ती वर आणली. कोळ्यानं पाण्यावर जाळं विणलं, आणि त्या जाळ्यावर देवानं माती पसरली. झाली पृथ्वी.

नातीनं विचारलं, "आजोबा, देवाला सगळं येतं ना? मग कावळा कशाला लागला?"

हा प्रश्न मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. धर्माच्या बाजूनं उत्तर द्यायचा माझा अधिकार नाही. फौजेच्या बाजूनं देता येतं. आमच्याकडे हल्ल्याची योजना सांगण्याआधी जमिनीवर सँड मॉडेल करतात. मातीचे डोंगर, चुन्याचे रस्ते, निळ्या भुकटीची नदी. नव्या अधिकाऱ्याला वाटतं, नकाशा आहे, डोकं आहे, अर्ध्या तासात करू. पण ज्यानं तो ओढा रात्री पायांनी ओलांडलाय तो सुभेदार शेजारी उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, इथे उतार एवढा सोपा नाही." मग हातभर माती हलते, आणि तेवढ्या हलण्यावर पंचवीस-तीस पोरांचं घरी परतणं अवलंबून असतं. शत्रूच्या बाजूला काय असेल हे कल्पनेनंच रचायचं असतं, त्याला इलाज नाही. पण आधी कुणीतरी जाऊन माती आणावी लागते. बडा देवाचा कावळा म्हणजे आमची रेकी पार्टी. हे उत्तर नातीला अर्धवटच पटलं. तिला गांडुळाची दया येत होती.

भज्जूंचं आणखी एक पुस्तक आहे, लंडनवरचं, 2004 सालचं. एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला ते लंडनला गेले होते. इंग्रजी येत नव्हतं. तिथे जे दिसलं ते त्यांनी परत येऊन आपल्या गावच्या प्राण्यांमधून मांडलं. जमिनीखालून जाणारी रेल्वे म्हणजे गांडूळ. बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबडा, कारण वेळ सांगायचं काम पाटणगढात त्याच्याकडे. रोज कामावर नेणारी तीस नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. विमान म्हणजे उडणारा हत्ती. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जमणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं! किपलिंगनं सिवनीचं जंगल लिहिलं, यांनी लंडनचं जंगल केलं. गंमत अशी, की भज्जूंनी यात नवा प्राणी एकही बनवलेला नाही. माती सगळी पाटणगढची.

हे सगळं मी का सांगतोय? आमच्या घरात टॅब आहे. नातीनं त्याला सांगितलं, पाण्यातून पृथ्वी निघतेय आणि वर कावळा आहे असं चित्र काढ. दहा सेकंदांत आलं. सुंदर होतं, उगाच नावं ठेवणार नाही. माझा मुलगाच अशा कामांवर पोट भरतो. पण त्या चित्रातला कावळा दमलेला नव्हता. आणि मी सहज विचारलं, "कावळ्याच्या पायाला बोटं किती?" तर नातीला सांगता येईना. टॅबला विचारायला निघाली, तर मी म्हटलं, थांब. आमच्या शेजारच्या मामी रोज सकाळी स्वयंपाक झाला की पहिला भात गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला ठेवतात. तमिळ घरांत ही रीतच आहे. नात दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन बसली. पुढे तीन, मागे एक. शिवाय तिनं आणखी एक गोष्ट आणली, जी मी विचारली नव्हती. भाताजवळ येताना कावळा सरळ येत नाही, तिरका उड्या मारत येतो. आता तिचा कावळा कागदावर तिरकाच चालतो. टॅब काही आम्ही उचलून माळ्यावर टाकलेला नाही. आधी बघून यायचं, मग त्याला सांगायचं, एवढाच नियम केलाय.

सिरुसेरीत एक मोठी इमारत आहे, कार्लोस ओट या वास्तुशिल्पीनं फुलपाखराच्या आकारात रचलेली. विमानातून काढलेल्या फोटोत पंख स्पष्ट दिसतात. नातीनं शाळेच्या बसमधून पाहून तिचं चित्र काढलं. चित्रात होती खुडूक कोंबडी. पंख पसरून बसलेली, आणि पंखाखाली पिवळ्या-पांढऱ्या बसगाड्यांची पिल्लं.

तिचा बाबा म्हणाला, "अगं, ते फुलपाखरू आहे. वरून बघितलं की कळतं."

ती रंग भरता भरता म्हणाली, "वर कोण गेलं होतं?"