कॉलेजातली विद्या आपल्या गावी

(साक्षरता वर्गातील प्रौढ मंडळींपुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज तुमच्यापुढे एका साध्या गोष्टीवर चार शब्द बोलायचे आहेत. आपल्या तालुक्याला कॉलेज असते. त्यात प्राध्यापक असतात. कोणी मातीचा अभ्यास केलेला, कोणी पाण्याचा, कोणी कायद्याचा, कोणी हिशेबाचा. ही विद्या कॉलेजच्या चार भिंतींतच राहायची, की आपल्या गावीही यायची? आणि यायची तर कशी?

आम्ही स्वतः मॅट्रिक. कॉलेजची पायरी शिकण्यासाठी कधी चढलो नाही. पण चाळीस वर्षे शाळा चालवली. विद्या कुठे रुजते आणि कुठे वाहून जाते, हे थोडेफार पाहिले आहे. तेच सांगतो.

आधी मनातली एक भीती काढून टाकू. आपल्याला वाटते, "एवढे शिकलेले लोक! ते आपल्याकडे कशाला येतील? आणि आपण बोलावणारे कोण?" मंडळी, पुष्कळशा कॉलेजांना सरकारकडून पैसा मिळतो. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? तुम्ही काडेपेटी घेता, साबण घेता, त्यातही कर भरता. तेव्हा त्या विद्येत तुमचाही वाटा आहे. ती मागायला लाजू नये. मात्र मागण्याची रीत असते, ती शिकून घ्यावी.

ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे कीर्तनकार गावोगाव जात, लोकांना शहाणे करीत. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. विद्वानाने यावे, सर्वांसमोर बोलावे, ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंद रामराव जयकर. त्यांच्या नावाने विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने व्याख्यानमाला चालवली. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेरचे. ज्यांनी शाळा-कॉलेजात नाव घातलेले नाही, त्यांच्यासाठी असलेले शिक्षण. मग १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली. पहिल्या वर्षी देशातली ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. आज कॉलेजची मुले सात दिवस गावात मुक्काम करतात, श्रमदान करतात आणि संध्याकाळी प्राध्यापकांचे भाषण होते, ते याच योजनेतून.

दूरदेशीचेही एक उदाहरण घ्या. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक मराठीत घरोघर गेले आहे. हे कार्व्हर अमेरिकेत टस्कीगी येथील शाळेत शेती शिकवीत. आसपासचे शेतकरी गरीब, काळे, पुष्कळसे निरक्षर. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमीन निकस झालेली. हे शेतकरी शाळेत येऊन बसणार कधी? म्हणून १९०६ साली शाळेनेच गाडी जुंपली. गाडीत अवजारे, बी-बियाणे आणि दाखवायचे सामान. गाडी गावात जाई. नुसते बोलणे नाही; करून दाखवणे. भुईमूग लावा, चवळी लावा, जमिनीचा कस परत येईल, हे शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या गावातही भाषणे झाली. साहेब आले, हार घातले, चहा झाला, साहेब गेले. आमच्या पदरात काय पडले?" खरे आहे. पुष्कळ भाषणे पालथ्या घड्यावरचे पाणी होतात. त्यात बोलणाऱ्याचा दोष असतो, तसा ऐकणाऱ्याचाही असतो. ऐकणाऱ्याचे काम काय, हे इंग्लंडातल्या गिरणी कामगारांनी चांगले दाखवून दिले आहे.

रॉचडेल नावाचे गिरण्यांचे गाव. तिथल्या कामगारांनी १८४४ साली स्वतःचे सहकारी दुकान काढले. आपल्या सोसायट्यांची ती आजी म्हणा ना! या सभासदांपुढे केंब्रिज विद्यापीठाचे जेम्स स्टुअर्ट नावाचे तरुण अध्यापक व्याख्याने देत. समजावून देण्यासाठी ते भिंतीवर तक्ते लावीत. एकदा त्यांना निघायची घाई होती. ते रखवालदाराला म्हणाले, "तक्ते राहू देत. पुढच्या आठवड्यात येईन तेव्हा काढीन." आठवड्याने आले तो रखवालदार सांगतो, "तक्ते ठेवलेत हे फार बरे केलेत. सभासदांनी त्यांच्यापुढे उभे राहून चर्चा केली. त्यांना तुम्हाला पुष्कळ विचारायचे आहे. आज ते भाषणाच्या आधीच येणार आहेत." तेव्हापासून व्याख्यानाला प्रश्नोत्तराचा वर्ग जोडला गेला. पुढे १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने गावोगावच्या व्याख्यानांचे काम रीतसर हाती घेतले, तेव्हा हा वर्गही त्याचा एक भाग झाला. पाहा मंडळी, एवढ्या मोठ्या विद्यापीठाला शिकवण्याची ही रीत कामगारांच्या प्रश्नांतून सापडली.

तात्पर्य काय? भाषण ही अर्धी भाकरी आहे. उरलेली अर्धी आपण आपल्या प्रश्नाने भाजायची असते.

आता आमच्या नोकरीच्या गावी घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. अशी गावे पुष्कळ आहेत. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. जानेवारीतच पिण्याच्या विहिरीने तळ गाठला. गावाने बोअर घ्यायचे ठरवले. घरटी पाचशे रुपये वर्गणी ठरली. पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ घेऊन फिरला. देवळामागे नारळ उभा राहिला. झाले, तीच जागा नक्की!

त्याच गावात एका शेतकऱ्याने आधी तीन बोअर घेतले होते. नारळ तिन्ही ठिकाणी उभा राहिला होता. तिन्ही ठिकाणी नुसती धूळ उडाली. बैलजोडी गेली. बायकोच्या गळ्यातले डोरले गहाण पडले. पण घरोघर घागरी रिकाम्या. तेव्हा कोण थांबून विचार करणार?

त्याच सुमारास तालुक्याच्या कॉलेजचे शिबिर गावात होते. एका संध्याकाळी शाळेच्या पटांगणात भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांचे भाषण ठेवले. भूगर्भशास्त्र म्हणजे जमिनीच्या पोटातल्या खडकांचा अभ्यास. ते सांगू लागले: महाराष्ट्राची चार पंचमांश भूमी काळ्या खडकाची आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या रसाचे थरावर थर पसरून तो झाला. मोठमोठे शब्द येऊ लागले. मंडळी पेंगू लागली. तेवढ्यात मागून बचत गटातली एक म्हातारी उठली.

"सायेब, रागावू नगा. माझ्या हिरीला पानी न्हाई, आन् बांधापलीकडच्या हिरीला हाय. दोन्ही येकाच जिमिनीत. ह्ये कसं, तेवढं सांगा."

लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, हे मी आधीच सांगायला हवे होते." त्यांनी फळ्यावर भाकरीची चळत काढली. म्हणाले, "खडकाचे थर असे एकावर एक आहेत. जमिनीखाली नदी वाहत नसते. पाणी साठते ते मुरमात, भेगांत आणि भोकाभोकांच्या खडकात. मधला सलग कातळ कोरडाच. तुमच्या विहिरीच्या पोटात कातळ आला असेल. पलीकडच्या विहिरीला भेग लागली असेल. आपण उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावकऱ्यांबरोबर निघाले. बरोबर एक दोरी, दोरीला दगड. एकूण अकरा विहिरी पाहिल्या. प्रत्येकीचे पाणी किती हातांवर आहे ते मोजले. विहिरीच्या कडांत कोणता थर किती खोल दिसतो, ते मुलांनी वहीत लिहिले. देवळाजवळच्या तीन विहिरींत थोड्या खोलीवर सलग काळा कातळ दिसला. प्राध्यापक म्हणाले, "इथे पाणी लागणारच नाही असे मी म्हणत नाही. पण आशा थोडी आहे. वर्गणी तुमची आहे. मी तुमच्या जागी असतो तर इथे पैसा घातला नसता."

ओढ्याकाठी एक जुनी विहीर होती. अर्धी गाळाने भरलेली. तिच्या कडांत मुरूम आणि भेगा होत्या. ते म्हणाले, "ही उपसून पाहा. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्ह्यात कार्यालय आहे. त्यांना अर्ज करा आणि तपासून घ्या." गावाने अर्ज केला. तिथले लोक आले. त्यांनीही तीच विहीर दाखवली. वर्गणीतून गाळ काढला, कठडा बांधला, ओढ्यावरचा फुटका बंधारा नीट केला.

मग काय, गावात पाणीच पाणी झाले? नाही. आम्ही खोटे सांगणार नाही. २०१६ साली पाऊस चांगला झाला, तेव्हा विहीर भरली. लोक सरांना हार घालायला निघाले. सर म्हणाले, "यंदाचे श्रेय पावसाला द्या. विहिरीची परीक्षा कोरड्या वर्षी होईल." २०१८ साली पाऊस पुन्हा कमी झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागलाच. पण २०१६ साली तो फेब्रुवारीत आला होता, या वेळी मे महिन्यात आला. तीन महिने बायाबापड्यांची पायपीट वाचली. आणि देवळामागच्या कातळात वर्गणी गेली नाही.

आणखी एक झाले. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीचे पाणी मोजून शाळेच्या भिंतीवर आकडा लिहायची चाल पडली. त्या म्हातारीने साक्षरता वर्गात पहिल्यांदा आकडेच शिकून घेतले. अक्षरांची तिला घाई नव्हती. भिंतीवरचा आकडा खरा की खोटा, हे तिला स्वतः पाहायचे होते!

आता मागण्याची रीत सांगतो. नीट ध्यानात धरा.

पहिले, प्रश्न ठरवा. "कशावरही बोला" असे म्हणू नका. बचत गटात, सोसायटीत, भजनी मंडळात बसून विचारा, यंदा आपल्याला कशाने छळले? त्यातला एकच प्रश्न निवडा.

दुसरे, माणूस ठरवा. पाण्याचे काम भूगर्भशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाला विचारा. पीक आणि माती यांसाठी कृषी विज्ञान केंद्र आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. वारसा, फेरफार, पोटगी अशा बाबतीत विधी महाविद्यालयात सल्ला मिळतो. बचत गटाचा हिशेब जुळत नसेल तर वाणिज्य शिकवणारे प्राध्यापक तो लिहायला शिकवतील.

तिसरे, पत्र लिहा. प्राचार्यांच्या नावे लिहा. गाव, मंडळ, प्रश्न, किती माणसे येतील आणि कोणती वेळ सोयीची, एवढे पुरे. पेरणी-कापणीचे दिवस टाळा. पत्र तुमच्यातल्याच नवसाक्षराने लिहावे. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. खाली सह्या असाव्यात, अंगठे नकोत!

चौथे, बायकांना पुढे बसवा. पाणी त्या आणतात, आजारी मूल त्या सांभाळतात. त्यांचा प्रश्न मागच्या रांगेत विरून जाऊ देऊ नका.

पाचवे, समजले नाही तर तिथेच विचारा. "सर, हा शब्द आम्हाला कळला नाही," असे म्हणण्यात कमीपणा नाही. मान डोलावण्यात मात्र नुकसान आहे.

सहावे, भाषण संपल्यावर तीन ओळी लिहून घ्या. काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत करायचे. दोन महिन्यांनी त्याच प्राध्यापकांना कळवा, हे झाले, हे झाले नाही. त्यांनाही ते हवे असते. पुस्तकात लिहिलेले रानात कसे उतरते, हे त्यांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

एक सावधगिरीही सांगतो. प्राध्यापक म्हणजे सरकार नव्हे. ते टँकर मंजूर करू शकत नाहीत, कर्ज माफ करू शकत नाहीत. ती अपेक्षा ठेवू नका. आणि विद्येच्या नावाखाली कोणी अमुक कंपनीचेच बी घ्या, अमक्यालाच मत द्या असे सांगू लागला, तर नमस्कार करून त्याला वाटेला लावा. खरा जाणकार ओळखायची एक खूण आहे. तो आपल्या ज्ञानाची हद्द सांगतो. "हे मला ठाऊक आहे, हे नाही, ते अमक्याकडून तपासून घ्या," असे म्हणतो.

मंडळी, विहिरीत पाणी असले तरी ते आपण होऊन घागरीत येत नाही. दोर सोडावा लागतो. कॉलेजातल्या विद्येचे तसेच आहे. प्रश्न हा आपला दोर. तो मजबूत वळा, आणि उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एकेक प्रश्न पाटीवर लिहून आणा. त्यातला एक निवडून आपण सगळे मिळून प्राचार्यांना पत्र लिहू.