जिवाणूंची बिऱ्हाडं

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला लागलो, तेव्हा कॅन्टीन आणि मोऱ्यांचं सांडपाणी साफ करणारी टाकी माझ्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी आत डोकावलो, तर पाण्यात प्लास्टिकच्या हजारो बारीक चकत्या घुसळत होत्या. मला वाटलं, कुणीतरी कचरा टाकलाय!

तो कचरा नव्हता, जिवाणूंची बिऱ्हाडं होती. आमच्या धंद्यात त्यांना 'मीडिया' म्हणतात. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत निघाली. चकती असते साधारण बोटाच्या पेराएवढी, आत आडव्याउभ्या भिंती. त्या भिंतींवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातली घाण खातो. बाहेरच्या बाजूचा थर चकत्या एकमेकींवर आपटून खरवडला जातो, आतला टिकतो. नॉर्वेच्या त्या जुन्या चकत्या घनमीटरभर घेतल्या, तर आतली जागा भरते सुमारे ५०० चौरस मीटर. ठाण्याच्या भाषेत सांगायचं तर ५,४०० चौरस फूट, म्हणजे दहा छोटे फ्लॅट! अमोनिया खाणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. नुसत्या पाण्यात ते वाहून जातील. इथे घर असल्यामुळे थांबतात.

विक्रेते सांगतात, 'मीडिया टाका, सगळं साफ.' तसं नाही. प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम जिवाणू पचवू शकत नाहीत. उलट तेच मरतात. ते पाणी वेगळंच काढावं लागतं.

आणि त्यांना हवा लागते, चोवीस तास. एका दिवाळीत चार दिवस कारखाना बंद होता. वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवायच्या कागदावर सही माझीच. पाचव्या दिवशी झाकण उघडलं, तर सडक्या अंड्यांचा वास आणि चकत्यांवर काळा लगदा. मग शेण कालवून ओतलं, गूळ घातला, वाट पाहिली. वास आठवड्यात गेला; अमोनिया उतरायला महिना लागला. तेवढे दिवस आमचं अर्धंकच्चं पाणी नाल्याला लागलं आणि नाला ठाण्याच्या खाडीला. २०२२ साली त्या खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 'रामसर' दर्जा मिळाला. बातमी वाचताना मला तो महिना आठवला.

आता दिवाळीत मी रोज रात्री वॉचमनला फोन करतो. तो काही बोलत नाही, फोन ब्लोअरजवळ धरतो. घरघर ऐकू आली की मी ठेवून देतो.