उशीवरचे परागकण



आमच्या अंगणात सासूबाईंनी लावलेला प्राजक्त आहे. काही वर्षांपूर्वी तो तोडायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. कारण होतं आमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या शिंका. गणपती गेले की त्या सुरू व्हायच्या, त्या थेट दिवाळीपर्यंत. सकाळी उठल्याबरोबर ओळीनं दहा-बारा शिंका, नाकाला धार, डोळे लाल. रात्री नाक चोंदलं की तो उठून बसायचा. एका रात्री त्याच्या छातीतून सूं सूं आवाज येऊ लागला, तेव्हा मात्र आमचा धीर सुटला. प्राजक्त बहरतो तो याच दिवसांत. सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फुलं वेचायला जायचं मात्र त्यांनी थांबवलं.

झाड तोडण्याआधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मुलाच्या हातावर वेगवेगळे थेंब ठेवून सुईनं हलकंसं टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठल्या त्या गाजर गवताच्या आणि साध्या गवताच्या थेंबांखाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘रंगावासाची फुलं बहुधा कीटकांना बोलावतात. त्यांचे पराग जड नि चिकट असतात, ते दूरवर उडत नाहीत. शोध घ्यायचा तो वाऱ्यावर पराग सोडणाऱ्यांचा.’’ आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं माजलं होतं. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदलं गेलं. आज ते ओळखीचं नाही असं गाव सापडणं कठीण.

या विकाराला इंग्रजांनी नाव दिलं ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. खरं तर यात ताप नसतोच. लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरानं १८१९ मध्ये स्वतःचाच हा आजार वर्णन करून सांगितला. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग केले, चिकट काचा पतंगाला बांधून उंच हवेतले पराग मोजले आणि १८७३ च्या पुस्तकात दोष परागकणांकडे असल्याचं दाखवून दिलं.

पण मग खोलीत, तेही रात्री, त्रास का? खिडक्या तर आम्ही लावून घेत होतो. याचं उत्तर सोपं निघालं. परागकण डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान, पण धुळीच्या मानानं जड. वारा थांबला की काही मिनिटांत ते खाली बसतात: चादरीवर, उशीवर, पडद्यावर. कूस बदलली की पुन्हा उठतात, ते नाकाशीच. आणि ते खोलीत येतात आपल्याच हातांनी. सासूबाई रोज दहा ते चार नातवाच्या गोधड्या गच्चीत उन्हात टाकायच्या, त्याच प्लॉटच्या कडेला. हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे ते गवत मीच रोज त्याला पांघरत होते होय?’’

मी म्हटलं, ‘‘त्याचे कपडे मीही तिथंच वाळत घालत होते, आई.’’

त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. त्या मोसमात अंथरूण-पांघरूण बाहेर टाकायचं नाही. बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवायचं. कपडे घरात दोरीवर. अभ्रे-चादरी आठवड्याला गरम पाण्यात. खेळून आल्यावर कपडे न्हाणीघरातच उतरवायचे आणि निजण्याआधी केसांवरून आंघोळ. केर काढताना झाडूऐवजी ओलं फडकं. पंख्याच्या पात्यांवरूनही तेच. कोरडा वारा सुटला की खिडक्या बंद, पावसाची रिपरिप होऊन हवा धुतली गेली की उघड्या. हवा शुद्ध करणारं यंत्र हवेतले कण पकडतं, उशीवर बसलेले नाही. म्हणून आधी उशी.

शिंका संपल्या का? नाही. कमी झाल्या, आणि मुलगा रात्रभर झोपू लागला. डॉक्टरांनी दिलेला नाकातला फवारा चालूच ठेवावा लागला. छातीतून आवाज आला, धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा. प्लॉटवरचं गवत आता आम्ही शेजारी मिळून फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटतो, हातमोजे घालून आणि नाकावर रुमाल बांधून, कारण त्याच्या स्पर्शानं कातडीलाही खाज सुटते. ज्याला त्रास आहे त्यानं या कामाला जाऊ नये.

प्राजक्त अजून उभा आहे. पहाटे परडी घेऊन आजी पुढे आणि नातू मागे, असं दृश्य पुन्हा दिसू लागलं, तेव्हा मला हायसं वाटलं. तेव्हा श्रोतेहो, शिंका आल्या म्हणून दारातल्या फुलझाडावर कुऱ्हाड उगारण्याआधी आपली उशी दिवसभर कुठे वाळत होती, तेवढं एकदा आठवून पाहा.